चिंतेचा भार व देहाचें आरोग्य

(ज्युबिली सप्ताहांत मोशी येथें धर्मग्रामस्थांपुढें केलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सप्ताहांत धर्मगुरूनें आत्म्याविषयीं बोलावयाचें सोडून रक्तदाबाविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. व्यवस्थापक मंडळीनें आम्हांस धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलण्याची सूचना केली होती. परंतु तो इतिहास स्मरणिकेंत इतरांनीं आमच्याहून चांगला लिहिला आहे. आम्हांस मात्र गेलीं कांहीं वर्षें एक गोष्ट मनांत सलत आहे, आणि ती बोलून दाखविण्यास ह्याहून योग्य प्रसंग मिळणार नाहीं.

ती गोष्ट अशी. मृतांच्या नोंदवहींत नांव लिहिल्यावर वयाचा रकाना येतो. खेड्यांतील धर्मग्रामांत आम्ही सेवा करीत होतों, तेव्हां तो रकाना भरतांना हात थांबत नसे. बहुधा म्हातारीं माणसेंच जात. येथें चाळिशीच्या आंतबाहेरचें वय लिहितांना लेखणी थबकते. घरच्या मंडळीस विचारावें तर उत्तर जवळजवळ ठरलेलें असतें: "फादर, आजार असा कांहींच नव्हता हो, फक्त टेन्शन फार घ्यायचे." ह्या "फक्त" शब्दाविषयीं आज आम्हांस बोलावयाचें आहे.

आपण ज्या भूमीवर राहतों तिच्याकडे प्रथम पाहूं. इंद्रायणीच्या कांठचें मोशी हें एके काळीं शेतकऱ्यांचें गांव. सन १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, पिंपरी, चिंचवड व भोसरीच्या माळावर कारखाने उभे राहिले, आणि पुढें नदीपलीकडे चाकणकडे मोटारींचे प्रचंड कारखाने आले. सन १९९७ त मोशी महापालिकेच्या हद्दींत गेलें. आज जेथें ज्वारी होत असे तेथें बारा मजली इमारती आहेत, आणि त्यांतील बिऱ्हाडें आपलीं आहेत. कोणी संगमनेर-राहुरीकडून आले, कोणी वसईहून, कोणी सावंतवाडीकडून. आले ते पोट भरण्यासाठीं, आणि ईश्वरकृपेनें पोट भरलेंही. परंतु त्याबरोबर वीस वर्षांचा कर्जाचा हप्ता आला. दर आठवड्यास बदलणारी पाळी आली. सहा-सात महिन्यांनीं पुन्हां मिळेल कीं नाहीं अशी कंत्राटी नोकरी आली. गांवाकडील म्हाताऱ्या आईचें औषध आलें, आणि मुलांच्या शाळेची फी आली. पुणें-नाशिक रस्त्यावरची गाड्यांची रांग ही ह्या सर्वांवर वरकडी.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. पुष्कळ भाविक मंडळी असें समजतात कीं, ज्यास चिंता लागते त्याचा विश्वास उणा. प्रभूनें पांखरांचें व रानफुलांचें उदाहरण देऊन उद्यांची काळजी वाहूं नये असें शिकविलें, हें खरें. परंतु त्याच प्रभूनें गेथशेमनीच्या बागेंत काय भोगलें तें विसरतां कामा नये. संत लूक, ज्याचा उल्लेख संत पौल वैद्य म्हणून करतो, त्यानें तेथील दोन गोष्टी वैद्याच्या दृष्टीनें टिपून ठेविल्या आहेत. एक, वेदनेच्या भरांत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडत होता. दुसरी, शिष्य झोंपीं गेले ते दुःखामुळें. इतर शुभवर्तमानकार शिष्यांचे डोळे जड झाले होते एवढेंच सांगतात; दुःख मनुष्यास थकवून निजवितें हें लूकनेंच ओळखिलें. मनाच्या यातनेचा देहावर परिणाम होणें हें जर निष्पाप प्रभूच्या बाबतींत घडलें, तर त्या परिणामास आपण पाप किंवा अविश्वास कसें म्हणावें? "प्रार्थना करा, सर्व ठीक होईल," एवढें बोलून एखाद्यास वाटेस लावणारा त्याच्या पाठीवर दुसरा भार घालतो. पहिला भार चिंतेचा होताच. आतां आपण चांगले ख्रिस्ती नाहीं ही लाजही त्यास वाहावी लागते.

आतां देहांत काय घडतें तें पाहूं. जुन्नर व खेड तालुक्यांतील उसाच्या फडांत बिबट्या शिरतो हें आपण नेहमीं ऐकतों. सायंकाळीं बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्यास पाचटांत खसखस ऐकूं आली, कीं त्यानें विचार करण्यापूर्वींच त्याच्या देहांत एक व्यवस्था कामास लागते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या लहान ग्रंथि आहेत; त्या अॅड्रेनलिन व पाठोपाठ कॉर्टिसॉल नांवाचीं द्रव्यें रक्तांत सोडतात. हृदय वेगानें चालूं लागतें, रक्तदाब चढतो, यकृतांत सांठविलेली साखर रक्तांत येते, पोटाकडील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें, पचन मंदावतें, तोंडास कोरड पडते. पंजा लागलाच तर रक्त फार वाहूं नये म्हणून तें लौकर गोठण्याचीही तयारी होते. पळावें किंवा झुंजावें, दोहोंसाठीं देह सज्ज होतो. वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें सन १९१५ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें विस्तारानें मांडलें. ही व्यवस्था ईश्वराची देणगी आहे. ती नसती तर तो शेतकरी वांचता ना. बिबट्या निघून गेला, मनुष्य घरीं पोंचला, चूळ भरून ओट्यावर टेकला, कीं हळूहळू सर्व पूर्ववत् होतें.

परंतु कर्जाचा हप्ता हा बिबट्या दर महिन्याच्या ठरल्या तारखेस येतो. त्याच्यापुढून पळतां येत नाहीं, त्याच्याशीं झुंजतांही येत नाहीं. अधिकाऱ्यानें चारचौघांत केलेला अपमान, नोकरी जाण्याची धास्ती, घरांतील अबोला ह्यांचेंही तसेंच. देहास मात्र हा भेद कळत नाहीं. तो बिचारा दर वेळीं साखर सोडतो, दाब चढवितो, रक्त गोठण्याची सिद्धता करतो. आणि धांवणें तर होतच नाहीं, कारण मनुष्य खुर्चीवर किंवा यंत्रापुढें उभा आहे. अशीं वर्षें गेलीं म्हणजे चढलेला दाब उतरावयाचें विसरतो, रक्तांतील साखर वाढूं लागते, रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडतात, झोंप तुटक होते, पोटाभोंवतीं चरबी धरते. जें पांच मिनिटांसाठीं कवच होतें, तेंच पांच वर्षें अंगावर राहिल्यानें ओझें होतें.

सन १९३६ त हान्स सेल्ये ह्या शास्त्रज्ञानें कॅनडांत उंदरांवरील प्रयोगांचें एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें. थंडी, जखम, अतिश्रम, विष, त्रास कोणताही असो, उंदरांच्या देहांत तेच तीन फरक दिसत: त्या ग्रंथि सुजत, रोगाशीं लढणारे अवयव आक्रसत, आणि जठरांत व्रण पडत. ह्या स्थितीस त्यानें पुढें जें नांव दिलें तें यंत्रशास्त्रांतील आहे: ताण. आपल्यापैकीं प्रेस-शॉप किंवा फोर्जिंगमध्यें काम करणाऱ्या मंडळीस त्या शब्दाचा अर्थ आमच्याहून अधिक कळतो. जो दांडा एका मोठ्या आघातानें मोडत नाहीं, तोच लहान लहान आघात लक्षावधि वेळां सोसून केसाएवढी चीर पडून एके दिवशीं तुटतो. आणि बाहेरून पाहणारा म्हणतो, काल तर धड होता. रेल्वेच्या आंसांवर ऑगस्ट वोलर ह्या जर्मन अभियंत्यानें एकोणिसाव्या शतकांतच हें दाखविलें. कारखान्यांत धातूस थकवा येतो हें मान्य करून सुटे भाग वेळेवर बदलतात. तोच भाग चालविणाऱ्या मनुष्यास थकवा येतो हें मान्य करावयास मात्र आपण अजून अवघडतों. फरक इतकाच कीं, लोखंडास विश्रांति दिल्यानें चीर भरून येत नाहीं. मनुष्यदेहाची पुष्कळशी भरून येते.

हें सर्व केवळ अनुमान नव्हे. सन १९९१ त इंग्लंडांतील एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली: निरोगी स्वयंसेवकांच्या नाकांत पडशाचे विषाणु सोडण्यांत आले, आणि ज्यांच्या आयुष्यांत ताण अधिक होता त्यांस पडसें अधिक प्रमाणांत झालें. सन १९९५ त अमेरिकेंतील ओहायो येथें, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर एक लहानशी जखम करून ती केव्हां भरते हें पाहिलें. इतर स्त्रियांच्या मानानें ती भरण्यास सुमारें ९ दिवस अधिक लागले. घरांत अंथरुणास खिळलेल्या सासूची सेवा वर्षानुवर्षें करणाऱ्या आपल्या भगिनी येथें बसल्या आहेत. त्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. त्यांच्या घरच्या पुरुषांनीं अधिक ध्यानांत ठेवावा. आणि सन २००४ त ५२ देशांतील, भारतासुद्धां, हृदयविकाराच्या रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे सतत ताणाखालीं असल्याचें सांगत, त्यांच्यांत झटक्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट आढळला.

ताण कोणास अधिक बाधतो, ह्याविषयीं लोकांची समजूत उलटी आहे. मोठी खुर्ची तितकी चिंता मोठी, असें आपण म्हणतों. लंडन येथील सरकारी कचेऱ्यांतील हजारों पुरुषांची पाहणी सन १९६७ पासून झाली. तींत असें दिसलें कीं, अगदीं खालच्या पायरीवरील नोकरांत हृदयविकारानें होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारें तिप्पट होते. आणि धूम्रपानादि कारणें वजा केलीं तरी मोठें अंतर उरतच होतें. पुढील अभ्यासांतून ह्याचें एक कारण पुढें आलें तें हें: काम पुष्कळ, परंतु तें केव्हां व कसें करावयाचें ह्यावर स्वतःची कांहींच सत्ता नाहीं, ही स्थिति मनुष्यास सर्वांत अधिक झिजविते. आपल्या धर्मग्रामांत सुपरवायझर व मॅनेजर मंडळीही आहे. त्यांस आमची प्रेमाची विनंति आहे कीं, पुढील पंधरवड्याच्या पाळ्यांचा तक्ता आपल्या हाताखालील माणसांस आगाऊ कळवावा, आणि ओरडावयाचेंच असेल तर यंत्रावर ओरडावें.

येथें एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक रोगाचें मूळ मनांत शोधणें हाही एक अन्याय आहे. जठरांतील व्रण हे काळजीमुळें होतात असें वैद्यकशास्त्र पुष्कळ काळ मानीत आलें. सेल्येच्या उंदरांचा दाखला होताच. परंतु ऑस्ट्रेलियांतील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल ह्यांनीं सन १९८२ पासून दाखवून दिलें कीं, बहुतेक व्रणांच्या मुळाशीं एक जंतु असतो. लोक विश्वास ठेवीनात, तेव्हां सन १९८४ त मार्शलनें तो जंतु स्वतःच पिऊन पाहिला! त्या दोघांस सन २००५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां तो रोग जंतुनाशक औषधांनीं बरा होतो, आणि त्या जातीचीं औषधें सरकारी कारखान्यांत बनविण्याचा भारतांतील आरंभ आपल्या शेजारच्या पिंपरींत, सन १९५४ त स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्यें झाला. तेव्हां छातींत दुखत असतां "टेन्शन असेल" म्हणून घरीं निजून राहूं नये. प्रथम डॉक्टर, निदान झाल्यावर मग मनाचा विचार.

उपायांकडे वळतांना आम्ही आपणांस तेराव्या शतकांत नेणार आहों. सेमिनरींत आम्हांस संत थॉमस अक्विनास ह्यांचा ग्रंथ अभ्यासावा लागला. त्यांत ह्या महापंडितानें एक प्रश्न विचारला आहे: मनाच्या सर्व विकारांत देहास अधिकांत अधिक अपाय कोणता करतो? त्याचें उत्तर, दुःख. कारण तें हृदयाच्या जीवनदायी गतीसच अडवितें. रक्ताभिसरणाचा शोध लागण्यापूर्वीं साडेतीनशें वर्षें हें लिहिलें गेलें. पुढील प्रकरणांत तो दुःखावरील उपाय सांगतो. वाचकास वाटतें, आतां उपास व तपश्चर्या येणार. परंतु संत थॉमस सांगतात तें असें: कांहींतरी आनंदाची गोष्ट करावी, रडावें, मित्रांची सहानुभूति घ्यावी, सत्याचें चिंतन करावें, आणि झोंपावें व स्नान करावें.

झोंपेविषयीं प्रथम बोलूं, कारण आपल्या धर्मग्रामाचें मोठें दुखणें तेंच आहे. देहांत एक घड्याळ आहे, आणि तें सूर्याच्या उजेडावर चालतें, कारखान्याच्या भोंग्यावर नव्हे. रात्रपाळी करणाऱ्याची झोंप दिवसा उथळ व अपुरी होते. पाळी दर आठवड्यास उलटी झाली तर घड्याळ कधींच लागत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें सन २००७ त, व पुन्हां सन २०१९ त, रात्रपाळीच्या कामास कर्करोग संभवनीयपणें उत्पन्न करणाऱ्या गोष्टींच्या यादींत घातलें आहे. पाळी सोडून द्या असें आम्ही सांगूं शकत नाहीं. चूल कशावर पेटेल? परंतु रात्रपाळीहून आलेल्या मनुष्याची झोंप हें सबंध घराचें कर्तव्य आहे. खिडकीस जाड काळा पडदा, दारावरची घंटा बंद, मुलें दुसऱ्या खोलींत, आणि मोबाईल उशाशीं नव्हे, स्वयंपाकघरांत. घरोघरच्या प्रार्थनासभांत दुपारीं ध्वनिवर्धक लावणाऱ्या मंडळीसही सांगणें आहे: देवास ऐकूं येतें, वरच्या मजल्यावरील मनुष्यास झोंप येत नाहीं.

स्नानाचें सांगावयास नकोच. आपल्या आजींनीं बंबांत पाणी तापवून आजोबांची वाट पाहिली, त्यांत वैद्यक होतें.

अश्रूंविषयीं आपले पुरुष फार कृपण आहेत. संत थॉमस म्हणतात तें थोडक्यांत असें कीं, आंत कोंडलेलें दुःख अधिक सलतें, बाहेर वाट मिळाली तर पातळ होतें. प्रभु येशू लाझरसाच्या कबरेपाशीं सर्वांदेखत रडला. मात्र आमच्याकडे येणारे गृहस्थ डोळे भरूं लागले कीं खिडकीबाहेर पाहतात आणि कचरा डेपोच्या वासाबद्दल बोलूं लागतात.

मित्रांच्या सहानुभूतीनें दुःख कां हलकें होतें, ह्याचीं थॉमसनें दोन कारणें दिलीं आहेत. एक, ओझें उचलण्यास कोणी हात लाविला असें वाटतें. दुसरें, आणि तो म्हणतो हेंच अधिक चांगलें, मित्राच्या येण्यानें आपल्यावर कोणी प्रेम करतो हें कळतें, व त्यानेंच आनंद होतो. गांवीं हें आपोआप होत असे. मारुतीच्या पारावर, आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर, विहिरीवर कोणी ना कोणी विचारीत असे, "काय रे, आज तोंड कां उतरलें?" सातव्या मजल्यावर तोंड उतरलें तर लिफ्टच्या आरशाशिवाय कोणास दिसत नाहीं. पुढाऱ्यांची वाट न पाहतां प्रत्येक इमारतींतील आपल्या दोन-तीन कुटुंबांनीं आठवड्यांतून एकदां एकमेकांकडे चहास जावें. प्रार्थना केली तर उत्तम. न केली तरी चहा व्हावा.

आतां जपमाळेविषयीं. सन २००१ त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें इटालींतील पाविया येथील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोध प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसांस त्यांनीं "नमो मरिया" ही प्रार्थना लॅटिनमध्यें म्हणावयास लाविली, जशी ती पूर्वीं देवळांत अर्धी पुढाऱ्यानें व अर्धी मंडळीनें म्हणावयाची वहिवाट होती. तेव्हां श्वास आपोआप मिनिटास सुमारें ६ वर आला, एरवीं तो ह्याच्या दुपटीहून अधिक असतो. आणि रक्तदाब सांवरणारी देहांतील यंत्रणा अधिक तत्परतेनें काम करूं लागली. योगांतील मंत्राचाही तोच परिणाम दिसला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. जपमाळ ही रक्तदाबाची गोळी नव्हे, आणि गोळी चालूं असेल तर ती जपमाळेच्या भरंवशावर बंद करूं नये. परंतु पांच मिनिटांत पांच दशकें उरकणाऱ्या मंडळीनीं ह्यापासून बोध घ्यावा. तशी धांवती जपमाळ म्हटल्यानें दाब चढण्याचाच संभव अधिक. चाकणच्या बसमध्यें एकच दशक, परंतु श्वासाच्या लयीवर म्हणा.

पवित्र शास्त्रांत थकलेल्या मनुष्याची एक फार हृदयस्पर्शी कथा आहे. संदेष्टा एलिया ह्यानें कार्मेल पर्वतावर मोठा विजय मिळविला, आणि लगेच राणी ईजबेलची धमकी आली. तो धैर्यवान पुरुष जीव घेऊन पळाला, अरण्यांत एका रतामाच्या झुडुपाखालीं बसला, आणि आपणांस मरण यावें असें देवास म्हणाला. देवानें त्यास काय केलें? त्याचा विश्वास उणा म्हणून रागें भरला नाहीं. उपदेशही केला नाहीं. त्यास झोंप लागूं दिली. मग देवदूतानें हात लावून उठविलें. उशाशीं निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा तांब्या होता. एलियानें खाल्लें, आणि तो पुन्हां निजला. देवदूतानें दुसऱ्यांदा उठवून पुन्हां खाऊं घातलें, कारण वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. त्यानंतर होरेब पर्वतापर्यंतची चाळीस दिवसांची चाल, आणि तेथें देवानें त्यास प्रश्न विचारला, त्याचें गाऱ्हाणें दोनदां ऐकून घेतलें, व मदतीस अलीशा हा सोबती दिला. झोंप, अन्न, पाणी, पुन्हां झोंप, चालणें, बोलणें, सोबती. आपण थकलेल्या मनुष्याकडे जातों तेव्हां हा क्रम उलटा करतों: आधीं उपदेश, आणि भाकर राहूनच जाते.

खोट्या उपायांविषयीं थोडेंच बोलूं. संत पौलानें तिमथीस पोटाच्या विकारासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, हें वचन आपल्या धर्मग्रामांतील कांहीं गृहस्थांस इतकें पाठ आहे कीं बाकीचें पत्र त्यांनीं वाचलें असेल कीं नाहीं ह्याची शंका येते. त्यांतील "थोडा" हा शब्द मात्र त्यांच्या पाठांतरांत राहत नाहीं. दारूनें गुंगी येते, झोंप नव्हे. मध्यरात्रीं तीच मनुष्यास जागें करते व दाब चढविते. तंबाखू व गुटखा ह्यांचेंही तसेंच: ज्या तल्लफेनें जीव कासावीस होतो ती त्यांनींच लाविलेली असते.

परंतु झोंप, चहा व जपमाळ ह्यांनीं सर्व भागेल असें सांगून आम्ही आपली बोळवण करणार नाहीं. ताण हा पुष्कळ वेळां मनुष्याच्या मनांत नसून त्याच्या हजेरीपटांत असतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ह्यांनीं सन २०२१ त हिशेब प्रसिद्ध केला कीं, दीर्घ वेळ काम केल्यामुळें सन २०१६ ह्या एका वर्षांत पक्षाघात व हृदयविकारानें जगांत ७,४५,००० माणसें मेलीं. आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यास, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या मानानें, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक. आपल्यापैकीं कितीजण "डबल" करतात, हें हात वर करून सांगण्याची गरज नाहीं.

आपण ज्या रविवारीं मिस्सेस येतों, तो सुटीचा रविवार कोणी मिळवून दिला हेंही कळलें पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगारांस सन १८९० त आठवड्याची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे ह्या सत्यशोधक पुढाऱ्याच्या दीर्घ खटपटीनें. रविवार हा खंडोबाचा वार आहे असेंही त्यांनीं मांडलें, असें सांगतात. शब्बाथाची आज्ञा आपल्याजवळ होती. तिच्यासाठीं झगडला दुसराच. पुढच्याच वर्षीं, १५ मे १८९१ रोजीं, पोप लिओ तेरावे ह्यांनीं कामगारांविषयींचें आपलें प्रसिद्ध पत्र काढलें, आणि अतिश्रमानें मनुष्याचें मन बधिर व देह जर्जर करणें हें न्यायास व माणुसकीस धरून नाहीं असें बजाविलें. सन २०२५ त निवडून आलेल्या पोपमहोदयांनीं लिओ हेंच नांव घेतलें, तें ह्या पत्राची आठवण ठेवून. तेव्हां सुटी मागणारा मनुष्य आळशी, ही भाषा निदान आपल्या घरांत नको.

आणि ज्युबिली म्हणजे तरी काय? लेवीयांच्या पुस्तकांत पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून ती जाहीर करण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं जमीन पडीक ठेवावयाची, म्हणजे मातीसही विसांवा. गुलाम सोडावयाचे, आणि गरजेपोटीं विकलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावयाची. ज्युबिली ही मूळची मिरवणूक व मेजवानी नव्हे. ती विश्रांतीची व ऋणमुक्तीची आज्ञा आहे. आपल्या शेजारीं देहूस तुकारामबोवांनीं दुष्काळानंतर आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं अशी आख्यायिका आहे. हीच इंद्रायणी देहूहून मोशीवरून आळंदीस जाते. सावकाराची काळजी काय करते हें त्या शेजाऱ्यास कळलें होतें. आम्ही बँकेचीं कागदपत्रें नदींत टाका म्हणत नाहीं. परंतु जें कर्ज आपणच आपल्या गळ्यांत बांधतों, त्याचें काय? पहिल्या कम्युनियनच्या मेजवानीस सहाशें पानें, लग्नास घोडा, बँड व दोन सभागृहें. आणि मग तीन वर्षें दर महिन्यास तो बिबट्या. ह्या बाबतींत आम्ही यंदांपासून असें ठरविलें आहे कीं, मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा फराळ देवळाच्या आवारांत सर्वांचा एकत्र व सारखा होईल. कांहीं मंडळी रुसली आहे. ती जेवावयास येईल अशी आशा आहे.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. ताण सोसवेनासा झाला म्हणजे कित्येकांच्या मनांत एलियाप्रमाणें जीव नकोसा होण्याचा विचार येतो. असा विचार आला तर तो लपवूं नये. रात्रीं बारा वाजतांही आमचें दार वाजवावें. १४४१६ ह्या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा सन २०२२ पासून चालूं आहे. ती विनामूल्य आहे, व तेथें मराठींत बोलतां येतें. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणें हें मधुमेहासाठीं डॉक्टरकडे जाण्यासारखेंच आहे. पापनिवेदन हें औषधाच्या जागीं नाहीं, आणि औषध पापनिवेदनाच्या जागीं नाहीं. आणि ज्या घरांत असा मृत्यू घडला आहे त्या घरास सांगावयाचें आहे कीं, सन १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण-ग्रंथांत ख्रिस्तसभेनें स्पष्ट म्हटलें आहे: मनाची घोर व्यथा मनुष्याची जबाबदारी कमी करते, आणि त्या आत्म्याच्या तारणाविषयीं आपण निराश होऊं नये. त्यांच्यासाठीं मिस्सा होते. नांव देण्यास लाजूं नये, आणि शेजाऱ्यांनीं त्या घरीं जाण्याचें टाळूं नये.

पुढील महिन्यापासून दोन व्यवस्था होतील. रात्रपाळीवाल्यांसाठीं रविवारची एक मिस्सा सायंकाळीं राहील, म्हणजे सकाळीं पेंगत बसावें लागणार नाहीं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सेनंतर, देवळामागील खोलींत आपल्या धर्मग्रामांतील परिचारिका भगिनी रक्तदाब मोजतील. तीस वर्षांवरील प्रत्येकानें यावें, विशेषतः ज्यांस कांहींच होत नाहीं त्यांनीं. कारण चढलेला दाब बहुधा दुखत नाहीं. येण्यापूर्वीं अर्धा तास चहा, सिगारेट किंवा तंबाखू घेऊं नये, आणि पांच मिनिटें पाय जमिनीस टेकवून, न बोलतां, स्वस्थ बसावें. बांक ठेविले आहेत.